गुंडुरावांचा हिरवा

गुंडुराव रंगारी बसलेले मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिले. चामराजपुरातल्या अप्पारावांच्या कॉफी हॉटेलात आम्ही अकरा वर्षं रोज संध्याकाळी जमत होतो. बाकावर त्यांची जागा आम्ही राखून ठेवायचो आणि ती रोज रिकामी राहायची. हातात कॉफीचा पेला, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, असे ते उभे. मध्येच रस्त्यावर जायचे, आभाळ बघायचे, परत यायचे. सातव्या वर्षापासून बापाबरोबर रंगाच्या हंड्यापाशी काठी घेऊन उभा राहिलेला माणूस. हंड्यातलं कापड हलवायचं थांबलं की डाग पडतात, म्हणून थांबायचं नाही, एवढंच शिक्षण त्यांना मिळालं होतं. मला त्यांच्या या चुळबुळीचा भारी राग यायचा. मी रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीला चिकटून बसणारा कारकून. समोर कुणी येरझाऱ्या घालायला लागलं की मला वाटायचं, माझाच एखादा कागद हरवलाय आणि हा तो शोधतोय.

घराणं रंगाऱ्यांचं, तीन पिढ्या म्हैसुरात. आजोबा पागोटी रंगवायचे आणि लुगड्यांवर ठसे उठवायचे. गिरणीचं छापील कापड आलं तसे ठसे माळ्यावर गेले. मग वडिलांना रेसच्या तबेल्यांचं काम मिळालं. जॉकी अंगात घालतात ते रेशमी डगले रंगवायचे. प्रत्येक मालकाचा रंग ठरलेला, रेसच्या दफ्तरी नोंदलेला. त्यात अर्ध्या छटेचा फरक चालत नाही, कारण लांबून धावत येणारा घोडा माणसं डगल्यावरूनच ओळखतात. बंगलोरच्या एका मोठ्या मालकाचा तबेला दर हंगामाला म्हैसुरात उतरायचा, त्याचा रंग पोपटी हिरवा. तो हिरवा वडिलांकडून गुंडुरावांकडे आला. रेसच्या दिवशी कुंपणापाशी उभं राहून, डोळे बारीक करून ते फक्त डगला बघायचे. घोडा पहिला आला की शेवटचा, याचं त्यांना काही नसायचं. "उन्हात कसा उठला, बघितला नव्हं?" एवढंच विचारायचे.

त्यांच्या घरात एक रीत होती. रंगवलेलं कापड वाळलं की पुन्हा ओलं करायचं आणि अंगावरच्या पांढऱ्या धोतराच्या सोग्यावर घासायचं. सोगा पांढरा राहिला तर माल घराबाहेर जाणार, डाग पडला तर परत हंड्यात. म्हणून त्या घरातल्या पुरुषांनी कधी काठाचं धोतर नेसलं नाही. हे मला त्यांच्या बायकोने, अन्नपूर्णाबाईंनी सांगितलं होतं. जरा वैतागूनच सांगितलं, कारण ती धोतरं त्याच धूत असत.

आता आमच्या बाकाविषयी. बाकावर पहिला मान फत्तेसिंगरावांचा. ते रिसाल्यातले निवृत्त दफेदार, मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. पहाटे रेसच्या मैदानावर जाऊन घोड्यांची दौड बघायची आणि संध्याकाळी आम्हाला सगळ्या घोड्यांच्या पायांचं वर्णन ऐकवायचं, हा त्यांचा दिनक्रम. शेजारी येसाजीराव, पिरियापट्टणातून तंबाखू आणून विकणारे दलाल. घोड्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण नावं बघून पैसे लावायचे. कोपऱ्यात मी, प्राणेश. मी कधी एक आणाही लावला नाही. मी फक्त दुसऱ्यांच्या हरण्यावर शेरे मारायचो आणि ते काम फुकट होतं.

बाकाचा एक नियम होता. घोडा हरला की चिठ्ठी घरी न्यायची नाही. मैदानाच्या गेटाबाहेर एक बुकी बसायचा, तो सकाळी पैसे घेऊन निळ्या कागदाची चिठ्ठी द्यायचा. चिठ्ठी दाखवली तर पैसे, नाही दाखवली तर त्याला तुमचं तोंडही आठवत नसे. हरलेली चिठ्ठी घराच्या उंबऱ्याच्या आत गेली की पुढच्या वेळी घोडा उंबऱ्याला अडखळतो, असं फत्तेसिंगरावांचं ठाम मत. तेव्हा हरलेली चिठ्ठी अप्पारावांच्या कॉफीच्या चुलीत, लगेच, निकाल कानावर पडल्या क्षणी टाकायची. पूर्वी निकाल कानावर पडायला अर्धा तास लागायचा. कुणीतरी सायकलवाला मैदानावरून यायचा, त्याला कॉफी पाजावी लागायची, मग तो बोलायचा. ही गोष्ट घडली त्या साली अप्पारावांनी रेडिओ आणला आणि हा अर्धा तास गेला.

रेडिओ म्हणजे लाकडी कपाटाएवढी पेटी, पुढे भोकाभोकांचं कापड. तार माडाच्या शेंड्याला बांधलेली. अप्पाराव रोज सकाळी पेटीला हळदकुंकू लावायचे. गावातच नवीन केंद्र निघालेलं, तिथून संध्याकाळी कधी वीणा, कधी आरोग्यावर भाषण. आणि मग बातमी आली की दसऱ्याच्या कपाची रेस या वर्षी मैदानावरून थेट सांगणार. कॉलेजातला एक तरुण कानडीतून सांगणार. आठ दिवस बाकावर दुसरा विषय नव्हता.

"दिसत नाही तो घोडा पळालेला कसा कळायचा ओ?" येसाजीराव म्हणाले.

"तुम्हाला दिसला तरी कुठं कळतो?" मी म्हणालो.

फत्तेसिंगराव मात्र गंभीर होते. त्यांची पेन्शन मंदीच्या नावाखाली कापली होती. "घोड्याची चंदी कापली काय कुणी? बेडा, नको, घोडा बारीक होतोय म्हणतात. माणसाची कापतात," असं ते दिवसातून तीनदा म्हणायचे. त्यांनी त्या रेससाठी रूपमती नावाची घोडी हेरली होती. तिच्यावर कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून भाव मोठा. फत्तेसिंगरावांनी आजोबांच्या खोगिराच्या, चांदीने मढवलेल्या दोन रिकिबी सराफाकडे गहाण ठेवल्या आणि आलेले सगळे पैसे रूपमतीवर लावले. लढायांतून घरी परत आलेल्या रिकिबी त्या. त्यांच्या घरात आता त्या रिकिबींएवढं जुनं काही उरलं नव्हतं.

आणि रूपमती होती त्या बंगलोरच्या मालकाची. तिच्या जॉकीच्या अंगावर असणार होता गुंडुरावांचा हिरवा.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथंच सांगतो, नाहीतर त्या दिवसाची त्यांची तगमग तुम्हाला समजायची नाही. रेसच्या तीन दिवस आधी तबेल्याचा मॅनेजर त्यांच्या घरी आला. जुना डगला फाटलाय, नवा रंगवून द्या म्हणाला, आणि मजुरी अर्धी सांगितली. रेशमाला भाव नाही, घोड्यांना गिऱ्हाईक नाही, मालकांनी सगळ्यांचीच अर्धी केली आहे, असं म्हणाला. रेशमावरचा पक्का हिरवा जर्मनीहून यायचा, त्याच्या एका डब्यातच ती अर्धी मजुरी संपत होती. गुंडुराव रात्रभर अंगणात फिरले, असं अन्नपूर्णाबाई सांगतात. सकाळी त्यांनी डगला आधी निळा रंगवला. निळा पक्का होता, घरात शिल्लक होता. त्यावर बाजारातली स्वस्त पुडी आणून पिवळा चढवला. निळ्यावर पिवळा की हिरवा, हे रंगाऱ्याच्या घरात रांगतं मूलही जाणतं. रंग असा आला की बापाने पाठ थोपटली असती.

मग डगला वाळला. त्यांनी तो ओला केला आणि सोग्यावर घासला. सोगा पिवळा झाला.

मॅनेजरचा माणूस दारात उभा होता. गुंडुराव सोग्याकडे बघत राहिले. पुन्हा हंड्यात घालायला ना पुडी होती, ना वेळ, आणि अर्ध्या मजुरीचा राग अजून डोक्यात होता. नवरात्र संपत आलंय, पाऊस आता कुठला, असं मनाशी म्हणून त्यांनी डगला दिला. घराण्यात पहिल्यांदा डाग पाडणारा माल घराबाहेर गेला.

रेसच्या दिवशी दुपारी मी हॉटेलात पोचलो तेव्हा ते रस्त्यात उभे होते, मान वर. चामुंडीच्या डोंगरामागे एक काळा ढग बसला होता.

"गुंडुराव, रेस तिकडं मैदानात आहे, आभाळात नाही," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. सोगा कमरेला खोचलेला होता, एरवी मोकळा असायचा. मी बघतोय हे दिसल्यावर त्यांनी तो आणखी आत खोचला. थोडं पिवळं बाहेर राहिलंच. नवरात्राची हळद असेल असं मला वाटलं, आणि मी विसरलो.

आत अर्थशास्त्र चाललं होतं. येसाजीरावांचा दर मिनिटाला आवाज चढत होता. "अय्यो, तंबाखूचं काय सांगू स्वामी! भाव असा पडलाय, बैलगाडीचं भाडं सुटत नाही. शेतकरी देतो तो माल पण कसला? खाली काड्या, वर पान."

"सगळीकडं तेच," अप्पाराव चुलीपाशी म्हणाले. "कॉफीचा दर वाढवला तर तुम्ही येणार नाही. नाही वाढवला तर माझं भागत नाही. मग चिकोरी घालायची. काय करू?"

"चिकोरी घालता ते गिऱ्हाइकाला सांगता काय?" गुंडुराव दारातून म्हणाले.

"सुम्ने, उगाच काय विचारता ओ! सगळ्यांना ठाऊक आहे."

"ठाऊक असणं वेगळं. तुम्ही सांगणं वेगळं." ते आत आले, पेला उचलला, न पिता ठेवला, परत दारात गेले. "समजा, मजुरी अर्धी केली एखाद्याची. त्यानं काम अर्धं केलं, तर त्याचं चुकलं काय?"

"अर्धा डगला रंगवून द्या," मी म्हणालो. "जॉकी तसा पण अर्धाच माणूस असतो."

सगळे खो खो हसले. मीही माझ्याच विनोदावर हसलो. आज आठवलं की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. माणूस काहीतरी विचारत होता आणि उत्तर हवंय असा चेहरा करून विचारत होता.

चार वाजता अप्पारावांनी पेटीची गुंडी फिरवली. आधी शिट्टी, मग खरखर, मग तो तरुण आवाज. नमस्कार, म्हैसूरच्या श्रोत्यांनो. तो स्टँडच्या छपरावर बसला होता म्हणे, हातात मालकांच्या रंगांची यादी. हॉटेलात आता पंचवीस माणसं कोंबून भरली होती. फत्तेसिंगराव बाकावर ताठ बसले, दोन्ही हात मांड्यांवर, लगाम धरल्यासारखे. निळी चिठ्ठी डाव्या मुठीत.

तेवढ्यात रेडिओ म्हणाला, "आणि इथे मैदानावर पाऊस सुरू झाला आहे. मोठा पाऊस आहे."

चामराजपुरात अजून ऊन होतं. गुंडुराव रस्त्यातून पळत आत आले. "काय म्हणाला? पाऊस म्हणाला काय?"

"तुम्ही बसा की ओ," फत्तेसिंगराव म्हणाले. "माझी घोडी चिखलात चांगली पळते. मी सांगतो, पाऊस माझ्या बाजूचा."

गुंडुराव बसले नाहीत. चूल ते दार, दार ते चूल. माणसांच्या पायांवर पाय पडत होते, शिव्या खात होते, त्यांना ऐकू येत नव्हतं. रेडिओवर घोडे उभे राहायला वेळ लागत होता. पाऊस आणि विजेने घोडे बिथरले होते. तो पोरगा वेळ काढायला डगल्यांची वर्णनं सांगत होता. पिवळा, लाल पट्ट्यांचा, ग्रँड ड्यूकचा निळा, रूपमतीचा हिरवा. दोघांच्या टोप्या पांढऱ्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दहा मिनिटं पावसात उभं राहिलेल्या रेशमाचं काय होतं ते त्या खोलीत एकालाच ठाऊक होतं.

"सुटले!"

आवाज चढत गेला. लाल पट्टे पुढे. पिवळा बाहेरून. वळणावर घोडे एकमेकांत गेलेत, चिखल उडतोय, पाठीवरचे आकडे दिसत नाहीत, आम्ही रंगांवरून सांगतो. आणि निळा पुढे येतोय, ग्रँड ड्यूक पुढे येतोय. निळा मागेही आहे. नाही, क्षमा करा, श्रोत्यांनो, निळा पुढे आहे. हिरवा कुठेच दिसत नाही. ग्रँड ड्यूक एकटा पुढे, दोन घोड्यांच्या अंतराने, तीन घोड्यांच्या. ग्रँड ड्यूक! दसऱ्याचा कप ग्रँड ड्यूकचा!

मागोमाग एक मोठा कडकडाट झाला आणि पेटी मुकी झाली. अप्पारावांनी गुंडी फिरवली, थापटली, हळदकुंकू पुसलं जाईतो चापटली. नुसती खरखर.

खोलीत एकच गलका. "हिरवा दिसतच नाही म्हणाला!" येसाजीराव मांडी थोपटत म्हणाले. "दफेदार, तुमची घोडी चरायला गेली!" मी पण काहीतरी बोललो असणार. फत्तेसिंगराव हळूच उठले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना रिकिबी दिसत होत्या. माणसांनी बाजूला होऊन वाट दिली आणि ते चुलीकडे निघाले, डाव्या मुठीत चिठ्ठी.

गुंडुराव पेटीपाशी थिजले होते. निळा पुढे आणि निळा मागेही. हिरवा कुठेच नाही. त्या रेसमध्ये एकच निळा डगला होता. दुसरा निळा म्हणजे रूपमती, आणि पुढचा कुणाचा ते रेडिओला सांगता येणार नव्हतं. ते त्यांना क्षणात समजलं, आणि ते बोलायचं तर दुसरंही बोलावं लागणार, हेही समजलं. खोलीत रेशमी कापडाच्या आळीतले तीन व्यापारी होते, तबेल्याला खाणं पुरवणारा होता, अख्खं चामराजपूर होतं. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पावसाने रंग गेला, नशीब, असं म्हणून विषय मिटला असता आणि दफेदारांची चिठ्ठी चुलीत राख झाली असती. ते दोन पावलं दाराकडे गेले. खरंच गेले, मी पाहिलं. मग वळले.

फत्तेसिंगरावांनी हात चुलीवर नेला तेव्हा गुंडुरावांनी त्यांचं मनगट धरलं.

"जाळू नका."

"सोडा, गुंडुराव. नियम आहे."

"जाळू नका म्हणतो! जिंकलेली घोडी तुमची असेल."

लोक हसायला लागले. फत्तेसिंगरावांना राग आला. कानशिलं लाल झाली. "माझी थट्टा करायला आजच सापडलो काय? रेडिओ निळा म्हणतो!"

"निळाच म्हणणार. हिरवा राहिला नाही त्याच्यावर." गुंडुरावांचा आवाज फाटला. त्यांनी कमरेचा सोगा ओढून काढला आणि सगळ्यांसमोर धरला. वीतभर पिवळा डाग. "हे बघा. हा त्या डगल्याचा पिवळा. मीच चढवला. स्वस्त म्हणून चढवला, कच्चा आहे हे बघून दिला. पाण्यात पिवळा गेला की खाली निळा राहतो. तो पोरगा चुकला नाही. मी फसवलं."

रेशमाच्या व्यापाऱ्यांपैकी एक उठून बाहेर गेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा. गुंडुराव मनगट धरूनच उभे होते, जणू सोडलं की तेच चुलीत पडतील.

सायकलवाला वीस मिनिटांनी आला, चिंब भिजलेला. त्याला कुणी कॉफी विचारली नाही, दारातच धरलं. "रूपमती," तो म्हणाला. "पंचांनी आकडा बघून सांगितलं. आधी सगळे ग्रँड ड्यूकच म्हणत होते. डगला निळा कसा म्हणून तिथं भांडण लागलंय."

फत्तेसिंगरावांनी मूठ उघडली. चिठ्ठी घामाने ओली झाली होती, पण अक्षर शाबूत होतं. ते मान वर करून गुंडुरावांना काही म्हणणार होते, तर गुंडुराव निघून गेले होते.

त्यानंतरचं फार बोलण्यासारखं नाही. चुकीच्या रंगात घोडा पळवला म्हणून मालकाला दंड झाला आणि मॅनेजर गुंडुरावांच्या दारात येऊन ओरडून गेला. पुन्हा तो हिरवा त्यांच्याकडे आला नाही. रेशमी आळीने पण हात आखडता घेतला. कबूल केलं एकदा, पण लपवलं किती वेळा असेल, असं व्यापारी म्हणायचे. कधीच नाही, हे त्यांना कुणी सांगायचं? मी सांगायला हवं होतं. मी ऑफिसात खुर्चीला चिकटून बसलो. गुंडुराव हॉटेलात यायचे बंद झाले. अन्नपूर्णाबाई एकदा रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या, "हंडे उपडे पडलेत आणि हे त्यांच्याभोवती फिरतात. जेवताना पण उभे. तो डाग काही निघत नाही हो भावजी, तीनदा उकळलं. रेशमाला धरला नाही आणि सुताला सोडत नाही."

रिकिबी घरी आल्या त्या दिवशीच फत्तेसिंगराव गुंडुरावांकडे गेले. मी बरोबर होतो. काखेत एक गुंडाळी. आत पांढरा रेशमी फेटा, निवृत्तीच्या वेळी रिसाल्यातून मिळालेला, एकदाही न बांधलेला.

"हिरवा करून द्या. तोच हिरवा."

"दुसऱ्याकडे जावा," गुंडुराव हंड्याला प्रदक्षिणा घालत म्हणाले. "माझ्या हातचं आता कोण घेतो?"

"मी घेतो. मजुरी जुनी, पूर्ण. अर्ध्याचं काम मला नको."

"दफेदार, तुम्ही उपकार फेडताय."

"फेडत नाही ओ!" फत्तेसिंगराव खेकसले. "तुम्ही माझी चिठ्ठी वाचवली म्हणून नाही आलो. तुम्ही रंग कच्चा आहे म्हणून सांगितलं, म्हणून आलो. पक्का आहे म्हणाल तेव्हा तो पक्काच असणार. असा दुसरा रंगारी दाखवा मला म्हैसुरात."

गुंडुराव थांबले. फेटा हातात घेऊन त्यांनी पोत पाहिला आणि ते आत गेले. जर्मन डबा बंगलोरहून मागवावा लागला. बारा दिवस लागले. फेटा घेऊन ते स्वतः दफेदारांच्या घरी गेले, दारातच दिला आणि आत न येता परतले.

फत्तेसिंगरावांनी तो लगेच बांधला नाही. ते रोज आभाळ बघू लागले. आता ही खोड त्यांना लागली होती. दिवाळीच्या दोन दिवस आधी दुपारी आभाळ फाटलं. मी ऑफिसातून निघालो होतो, रेशमी कापडाच्या आळीत एका वळचणीला उभा होतो, आणि समोरून दफेदार येताना दिसले. अंगात रिसाल्याचा पांढरा कोट, परीटघडीचा, डोक्यावर तो फेटा. छत्री नाही. भर पावसात, रस्त्याच्या अगदी मधून, संचलनातल्यासारखे सावकाश. दुकानांतून माणसं बाहेर डोकावली. ते कुणाकडे बघत नव्हते. आळीच्या टोकाला पोचून ते वळले आणि परत सबंध आळी चालले. त्यांच्या मागे पंधरा पावलांवर गुंडुराव होते. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. ते पण भिजत, नजर त्या फेट्यावर खिळलेली, दफेदार थांबले की थांबत, चालले की चालत. मी पण वळचण सोडली आणि त्यांच्या मागून निघालो. चष्म्यातून काही दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर नुसत्या पावसाने नाही.

हॉटेलात आलो तेव्हा आमच्या मागे आळीतली दहाबारा माणसं होती. फत्तेसिंगराव दारात उभे राहिले. फेट्यातून पाण्याच्या धारा कोटाच्या खांद्यांवर, छातीवर ओघळत होत्या. त्यांनी फेटा काढला आणि सगळ्यांसमोर छातीवर धरून पिळला. पाणी कोटावरून खाली गेलं.

अप्पाराव जवळ येऊन बघायला लागले. येसाजीरावांनी बोट लावून बघितलं. त्या दिवशी आधी उठून गेलेला व्यापारी पण वाकला. कोट पांढरा होता.

गुंडुराव अजून रस्त्यात, पावसात. फत्तेसिंगरावांनी फेटा त्यांच्यापुढे धरला. ते उंबऱ्यात आले, एक पाय आत, एक बाहेर, नेहमीसारखे. आपल्या धोतराचा सोगा घेतला. तोच, पिवळ्या डागाचा. डागाशेजारी चार बोटं पांढरी जागा शोधून त्यांनी ओला फेटा तिथे घासला. जोरात घासला. उचलून उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं.

मग दुसरा पाय पण आत घेतला. मी सरकून जागा करायला लागलो, पण जागा राखलेलीच होती. गुंडुराव बसले.